काचेवरचं घोंगडं

शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत थंडी सुरू झाली हे कॅलेंडर बघून कुणी ठरवत नसे. बाळासो लवट्याच्या टेम्पोच्या काचेवर संध्याकाळी गोणपाट चढलं, की थंडी आली. पहाटे तो ते गोणपाट काढायचा, पिळायचा आणि मग काच पुसायला घ्यायचा. पुसायचा म्हणजे असातसा नाही. आधी कोरडा पंजा वरून खाली, मग गिरणीतल्या वाया गेलेल्या सुताचा बोळा, मग जुन्या धोतराचं फडकं, आणि शेवटी आत बसून, श्वास रोखून, आतल्या अंगानं पुन्हा एकदा. देवाचे टाकसुद्धा कुणी एवढे घासत नसेल. सोलापूरची थंडी ती केवढी! काचेवर दव धरतं इतकंच, आणि ऊन वर आलं की तेही आपल्या पायानं निघून जातं. पण बाळासोला तेवढा धीर नव्हता. काच धुरकट असताना त्यानं कधी गाडीला किल्ली लावली नाही.

समोर राहणारे मानसिंग पवार गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. सकाळच्या पाळीला निघताना ते सायकल थांबवून रोज एकच प्रश्न विचारायचे.

"काय बाळासो, पडला का बर्फ?"

"न्हाय अजून," बाळासो काचेवरची नजर न काढता म्हणायचा. "पडंल की."

त्यावर गल्ली हसायची. बाळासो पंधरा वर्षं लष्करात गाडी हाकून आला होता, त्यातली बरीचशी लडाखात, आणि तिथल्या गोष्टी तो ओट्यावर बसून सांगायचा. रात्री उभ्या केलेल्या ट्रकच्या काचेवर सकाळी बोटभर जाडीचा बर्फ धरायचा. बाहेरून तर धरायचाच, पण आत माणूस झोपला असला तर त्याच्या श्वासाचा आतूनही धरायचा. चाकूनं खरवडावं तर काचेला ओरखडे, आणि कढत पाणी ओतावं तर काच तडकायची. एका नव्या ड्रायव्हरनं घाईत चहाचं पातेलंच काचेवर उपडं केलं, आणि मग तो बिचारा फुटक्या काचेतून येणारा वारा खात अख्खा घाट चढला. बाळासोच्या डाव्या हाताची करंगळी पेरभर आखूड होती. ती बर्फानं खाल्ली, असं तो सांगायचा. "आरं, मानूस बर्फ खातंय. बर्फ कवा मानूस खातोय व्हय?" असं म्हणून मानसिंग मांडीवर थाप मारायचे. ज्या गावात उन्हाळ्यात दुपारच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथल्या माणसांनी ह्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? गोळ्याचा बर्फ आणि सरबतातला बर्फ, एवढीच त्यांची ओळख. बाळासोला त्याचा राग येत नसे. तोही हसायचा आणि पुढच्या वेळी गोष्ट आणखी थोडी लांबवायचा.

एका माणसानं विश्वास ठेवला नाही, ते मात्र त्याला लागलं होतं. ती त्याची आई, तानाबाई.

तानाबाई सांगोल्यापलीकडच्या माळावर धनगरांच्या वस्तीत राहायची. उंच, सडसडीत, नाकावर माशी बसू न देणारी बाई. साठी उलटली तरी मेंढरामागं चालताना तिची सावली तिला गाठू शकत नसे. बाळासोची बदली लडाखात झाली तेव्हा तिनं कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर वेगळी काढली, स्वतः कातली, सनगराकडून तिचं घोंगडं विणून घेतलं आणि चिंचोक्याची खळ देऊन, उन्हात ताणून, लेकाच्या खांद्यावर टाकलं. टाकताना म्हणाली, "लई थंडी हाय म्हनत्यात तितं. ह्ये अंगावरनं काडू नगंस. आन् दुसऱ्या कुनाला देऊ नगंस."

मग सत्तर साली पौषात बाळासोचा बाप, कोंडीबा, गेला. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. शाळेच्या मास्तरांनी तार केली. घरच्यांनी मातीसाठी वाट बघितली, पण अशी वाट किती बघणार? चुलतभाऊ बिरदेवनं सगळं केलं. दहाव्याला कावळा शिवेना. ऊन कलायला लागलं तरी शिवेना, आणि तानाबाई नदीकाठच्या धोंड्यावर बसून उत्तरेकडच्या वाटेला डोळे लावून राहिली. पौषात बाप गेला आणि लेक आला तो वैशाखात.

"बर्फानं वाट बंद हुती," बाळासोनं सांगितलं. "खिंड बंद झाली की उन्हाळ्यापातूर उघडत न्हाय, आये."

तानाबाईनं बर्फ बघितला होता की. सांगोल्याच्या आठवडी बाजारात गोळेवाला भुशात गुंडाळून लादी आणायचा, आणि दुपार कलेपर्यंत त्या लादीचं नुसतं पाणी आणि ओला भुसा उरायचा. पुरानं वाट बंद होते, दरड पडून बंद होते, हे तिला मान्य होतं. पण जे दुपारपर्यंत टिकत नाही ते पौषापासून वैशाखापर्यंत वाट अडवून बसतं, हे ऐकायला ती काही दुधखुळी नव्हती. हिशेब तिचा तिच्या मुलखापुरता अगदी चोख होता. त्यात तिनं लेकाची पिशवी उपसली आणि घोंगडं बाहेर काढलं. त्यावर गंजाचे दोन लांब तांबूस पट्टे, शेजारी शेजारी, तिरपे. लोकरीत पार मुरलेले. तिनं ते उजेडात धरलं, पुन्हा घडी करून आपल्यापाशी ठेवलं आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "माजी लोकर लोखंडाखाली टाकली."

भावकी बसली. म्हाताऱ्यांनी तोडगा काढला, की बाळासोनं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलावा. देवाची हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, मग सगळ्यांचा संशय फिटेल. पण बाळासोही त्याच बाईच्या पोटचा. तो म्हणाला, "बापाच्या मातीला मी मुद्दाम आलो न्हाय आसं ज्यास्नी वाटतंय, त्यांच्यापुडं मी भंडारा उचलनार न्हाय." झालं. तानाबाई बिरदेवकडं वळली आणि म्हणाली, "ह्याला सांग, ह्याच्यासंगं माजं बोलनं सपलं."

आणि खरंच संपलं. सणावाराला बाळासो वस्तीवर जायचा. आई भाकरी वाढायची, वर लोण्याचा गोळाही ठेवायची, पण शब्द नाही. बोलायचं ते तिसऱ्याला. तिसरं कुणी नसलं तर दारातल्या कुत्र्याला. "मोत्या, तुज्या धन्याला सांग, कालवण गार व्हाय लागलंय." मोत्या शेपूट हलवायचा, आणि बाळासो जेवायला बसायचा. वस्तीला हे इतकं सवयीचं झालं की कुणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. बाळासोला वाटायचं. दर वेळी परत निघताना तो उंबऱ्याशी रेंगाळायचा, मोत्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मग एस.टी.त बसायचा. घोंगड्याचं खरं काय ते त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे "अंगावरनं काडू नगंस" हे तिचे शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते.

लष्कर सोडून आल्यावर तो सोलापुरात राहिला. नशीब बघा, ज्या माणसानं उभी जवानी बर्फ खरवडण्यात घालवली, त्याला नोकरी मिळाली ती बर्फाच्या कारखान्यात, टेम्पोवर. पहाटे दूध डेअरीला लाद्या पोचवायच्या, मग हॉटेलं, मग सरबतवाले. बायको मायाक्का समजूतदार होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन घर रिकामं होतं, ते शहात्तरच्या मार्गशीर्षात भरलं. मुलगी झाली. मायाक्काची आई वारलेली, तेव्हा बाळंतिणीपाशी कोण, हा प्रश्न पडायच्या आतच तानाबाई दारात उभी राहिली. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, हातात तुपाचा तांब्या, खांद्यावर ते घोंगडं. त्यांच्या घरात पोर पाचवीला घोंगड्यावर टाकायची रीत होती, म्हणजे त्याला थंडीवारा बाधत नाही. लेकावर राग असला तरी नातीला थंडी बाधू द्यायची, एवढी काही ती आडमुठी नव्हती.

"माये," ती उंबऱ्यातूनच सुनेला म्हणाली, "तुज्या नवऱ्याला सांग, गाठुडं उतरून घे म्हनावं."

बाळासो हात पुढं करून तिच्यासमोरच उभा होता.

बारशापर्यंत ती राहणार होती. बारसं पुढं ढकलत संक्रांतीनंतर, गड्ड्याची यात्रा उठल्यावर करायचं ठरलं होतं. तेवढ्या दिवसांत आई आपल्याशी एक शब्द तरी बोलली पाहिजे, हे बाळासोनं मनाशी पक्कं धरलं. कारण ती एकदा गेली की तिला मेंढरं सोडून पुन्हा सोलापूर दिसायचं नाही, आणि तिचं वय काही मागं जात नव्हतं. बाप न भेटता गेला होता. आई न बोलता गेली तर पुढं कसं जगायचं, हे त्याला कळत नव्हतं.

पहिला उपाय त्यानं केला तो असा. एका सकाळी त्यानं मायाक्कातर्फे आईला विचारलं, बर्फाचा कारखाना बघायचा का. तानाबाईनं मायाक्कातर्फे हो म्हटलं. टेम्पोत ती त्याच्या शेजारी बसली, पण तोंड पूर्ण वेळ खिडकीकडं. कारखान्यात गारठा होता, जमीन ओली होती, आणि श्रीमंत नावाचा माणूस आकड्यानं लाद्या ओढून भुशात लोटत होता. माणसाच्या छातीएवढ्या लाद्या होत्या. बाळासोला वाटलं, एवढा बर्फ एका जागी बघितल्यावर तरी तिचं मन हलेल. तानाबाईनं एका लादीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोटांवरून ओघळणारं पाणी बघत तिनं श्रीमंतला विचारलं, "बाबा, ह्यो दुपारपातूर ऱ्हातोय का?"

श्रीमंत भला माणूस. पण खरं कुठं बोलावं आणि कुठं गप बसावं, ह्याचा त्याला पाचपोच नव्हता. "कुटला आजी," तो म्हणाला. "भुशात घातला तर निम्मा. उघडा ठेवला तर त्येवडाबी न्हाय."

तानाबाईनं हात पदराला पुसला. घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं आणि तिला म्हणाली, "वितळतोय गं बाय. मी मनलं न्हवतं?"

त्या दिवशी बाळासो जेवला नाही. लष्करात घाटातून गाडी मागं घसरली होती तेव्हासुद्धा तो एवढा खचला नव्हता.

मग संक्रांत आली आणि थंडी वाढली. त्या वर्षी अशी थंडी पडली की म्हाताऱ्या बायका मिसरी लावायलासुद्धा उन्हाची वाट बघू लागल्या. गोणपाट रात्रभर दव पिऊन सकाळी वजनदार व्हायचं, काचेला चिकटायचं, आणि ओढून काढलं की मागं तागाचे तंतू आणि ओलीचिंब काच. बाळासोचा अर्धा वेळ पुसण्यात जायचा. तिकडं डेअरीवाले खोळंबलेले, इकडं हाताची बोटं गारठलेली. एका सकाळी तानाबाई दारात बसून हे सगळं बघत होती. बराच वेळ तिनं कळ काढली. पण लोकर आणि दव ह्या विषयात कुणी चूक करत असेल आणि तिनं गप बसावं, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

"माये, तुज्या नवऱ्याला सांग, गोनपाट पानी पितंय. त्येनं दव अडतंय व्हय?"

"मग काय टाकू म्हनावं?" बाळासो काच पुसता पुसता म्हणाला.

"आत्याबाई, त्ये इचारत्यात, मग काय टाकू?"

"ऐकलं मी. लोकर टाक म्हनावं. मेंढरांच्या वाघरीत कोकरू जलमलं तर आपन त्याच्यावर काय टाकतो? गोनपाट टाकतो व्हय? धनगराच्या पोटी आलाय आन् दव कशानं अडतंय ठावं न्हाय."

बाळासोचा हात काचेवर थांबला. त्याला ठाऊक होतं. त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? पण तो म्हणाला एवढंच, "सोलापुरात लोकर हाय कुटं माज्यापाशी."

मायाक्कानं हेही इकडून तिकडं पोचवलं. दोघांच्या मध्ये हातभर अंतर आणि निरोप्या मात्र घरातून बाळाला पाजत ओरडतेय, अशी ती तऱ्हा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "माजं लेकरू ह्या दोगांचं ऐकून ऐकून मलाच आय म्हनायच्या आदी 'त्येंनी सांगितलंय' म्हनाय शिकंल."

संध्याकाळी बाळासो टेम्पो लावून चौकात गेला. परत आला तेव्हा काचेवर गोणपाट नव्हतं. काळं घोंगडं होतं. कडा नीट खोचलेल्या, मधे सुरकुती नाही, जसं वाघरीतल्या कोकरावर टाकतात तसं. तानाबाई आत चुलीपाशी पाठ करून बसली होती. वाद जिंकायचा असला की ही बाई घरातली कुठलीही वस्तू पणाला लावायला कचरत नसे. बाळासो टेम्पोपाशी उभा राहिला. सात वर्षांनी ते घोंगडं पुन्हा काचेवर होतं. लडाखातली ती मोकळी जागा, रांगेनं उभे ट्रक, आणि सगळ्यांच्या काचा पांढऱ्या असताना एकाच ट्रकवर अंथरलेलं सांगोल्याचं काळं घोंगडं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो आत गेला आणि जेवायला बसला.

सकाळी उजाडता उजाडता दोघंही बाहेर आले. बाळासो काच बघायला, तानाबाई आपण जिंकलो हे बघायला. घोंगड्यावर दवाची पांढरी साय धरली होती. तिनं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि उचललं. खाली काच कोरडी, स्वच्छ. समोरच्या घराचं दार त्यात दिसत होतं.

"बघ म्हनावं," तानाबाई म्हणाली, मायाक्का अजून बाहेर यायची होती तरी.

तिनं घोंगडं झटकलं, आणि उलटून ओट्यावर वाळत घातलं. मग ती वाकलेली तशीच राहिली. घोंगड्याच्या आतल्या बाजूला, काचेला टेकून होती तिथं, दोन धुळकट, दबलेले पट्टे उमटले होते. शेजारी शेजारी, तिरपे. आणि त्यांच्याच जवळून, त्याच तिरकसपणानं, ते जुने गंजाचे पट्टे गेलेले.

ती सरळ झाली. टेम्पोपाशी गेली. काचेवर तिरपे पडलेले दोन वायपर होते, त्यातला एक तिनं बोटानं उचलला आणि सोडला. तो टपकन काचेवर बसला. दुसरा उचलला, सोडला. मग काचेवर वीत ठेवून दोन वायपरांमधलं अंतर मोजलं, ओट्याकडं आली, जुन्या पट्ट्यांवर वीत ठेवली. पुन्हा ठेवली. अंतर थोडं जास्त भरलं. लोकरीतला डाग कशाचा, हे ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. हा एकच डाग सात वर्षं तिच्या घरात दांडीवर लटकत होता, आणि तो तिला वाचता आला नव्हता. बाळासो हातात सुताचा बोळा घेऊन नुसता उभा होता.

"ती गाडी ह्याच्यापरीस थोर हुती व्हय?" तानाबाईनं विचारलं.

मायाक्का तेवढ्यात दारात आली होती. सवयीनं तिनं तोंड उघडलं, "त्या इचारत्यात..." आणि मग तिच्या लक्षात आलं, की सासू आपल्याकडं बघतच नाही. ती नवऱ्याकडं बघतेय. मायाक्का पदर तोंडाशी धरून तिथंच भिंतीला टेकली.

"व्हय आये," बाळासो म्हणाला. "लई थोर हुती."

"रोज टाकत हुतास?"

"थंडीभर. दुसऱ्या कशानं भागंना. सकाळी गाड्या निगायच्या, फुडच्या चौकीवर शिधा न्यायचा. काच पांडरी आसली की वाट दिसत न्हाय, आन् वाटंच्या कडंला खाली काय बी न्हाय, नुसती दरी. मग म्या आपलं कोकरावानी..." त्यानं हातातला बोळा घोंगड्याच्या दिशेनं हलवला.

तानाबाईनं मान हलवली. मग तिनं जे विचारलं त्याची तयारी त्याच्याजवळ नव्हती.

"आन् तू काय पांगरत हुतास?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. गल्लीनं विचारला नव्हता, साहेबानं विचारला नव्हता, त्यानं स्वतःलाही कधी विचारला नव्हता. "सरकारी कांबळं हुतं की," तो कसाबसा म्हणाला.

"सरकारी," तानाबाई म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिनं सरकारच्या लोकरीची काय ती किंमत केली. मग पुढं होऊन तिनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. आखूड करंगळी दोन बोटांत धरून बघितली, नातीची बोटं बघायची तशी. "लई दुकलं का?"

"तवा कळलंच न्हाय आये. मागनं दुकलं."

तानाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. बाळासोचेही डोळे भरले होते, आणि मग जे बोलायचं राहिलं होतं ते आपोआप बाहेर आलं. "आबा गेल्याची तार मिळाली तवा मी गाडी काडली हुती. साहेबांनी जाऊ दिलं. ह्येच घोंगडं उचललं काचेवरनं, आन् पार खिंडीच्या तोंडापातूर गाडी नेली. फुडं वाटच न्हवती. घराएवडा बर्फ हुता. मी फावड्यानं उकरायला लागलो. लोकांनी वडून मागं आनलं. बोट तवाच गेलं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

तानाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. बिरोबाचा भंडारा तिच्याजवळ नेहमी असायचा. बाळासोला क्षणभर वाटलं, की आता हात पुढं कर म्हणेल आणि उचल म्हणेल. पण तिनं चिमूटभर हळद आपल्याच बोटात घेतली आणि लेकाच्या कपाळाला लावली. उरलेली टेम्पोच्या काचेला लावली, अगदी मधोमध.

"जा आता," ती म्हणाली. "बर्फ वितळंल तुजा."

त्या सकाळी डेअरीत बर्फ उशिरा पोचला. बाळासोला बोलणी बसली. तो ऐकून घेताना हसत होता, त्यामुळं आणखी बसली.

बारसं झालं की जाणारी तानाबाई शिमगा होईपर्यंत राहिली. बिरदेव मेंढरं बघत होता. तोच एकदा येऊन कोकरांची लोकर देऊन गेला, आणि ती नातीसाठी कातायला बसली. जुनं घोंगडं आता काचेचं झालं होतं, ते तिनंच जाहीर केलं. सात वर्षांचं साचलेलं बोलणं मात्र बाळासोला फेडून घ्यावं लागलं. तू एवढा वाळलास का, दाढी रोज का करत नाहीस, टेम्पो वळणावर हळू का घेत नाहीस, मायीला डिंकाचे लाडू कोण आणणार, लेकीला टोपडं का नाही. पहाटेपासून सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. मायाक्का एकदा हळूच नवऱ्याला म्हणाली, "मधल्या मधी निरोप हुतं त्येच बरं हुतं की वो." बाळासो म्हणाला, "बोलू दे तिला. माजं लई दिसाचं येनं हाय."

थंडीचे शेवटचे दिवस होते. मानसिंग सकाळी सायकल घेऊन निघाले आणि नेहमीच्या जागी पाय टेकून थांबले.

"काय बाळासो, पडला का बर्फ?"

बाळासो काही म्हणायच्या आत दारातून मिसरी लावता लावता तानाबाई बोलली. "हितं कुटला पडतोय मानसिंगभाऊ. हितला बर्फ म्हंजी लबाड. दुपारपातूर ऱ्हात न्हाय. तितला ऱ्हातोय. घराएवडा ढीग, आन् पौषातनं वैशाखापातूर वाट बंद. पोटच्या पोराला बापाच्या मातीला येता येत न्हाय."

मानसिंग जरा वरमले. तरी चेष्टेची सवय कुठं जाते? "तुमी बघितलाय व्हय आजी?"

"माज्या घोंगड्यानं बघितलाय," तानाबाई म्हणाली.

मानसिंगांनी एकदा काचेवरच्या घोंगड्याकडं बघितलं, एकदा बाळासोच्या हाताकडं. मग त्यांनी सायकलीवर टांग मारली आणि गेले. बाळासोनं घोंगडं उचललं, झटकलं, आईच्या हातात दिलं. खाली काच कोरडी होती, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. तरी तो बराच वेळ पुसत राहिला.